मॅचनंतर सांगू

बोर्गाल्टाच्या फुटबॉल क्लबाने टेकडीवरचा बंगला विकत घेतला, तेव्हा बंगल्याबरोबर फाटकाजवळची दोन खोल्यांची चौकी आली आणि चौकीबरोबर ग्वेरीनो स्पाज्जारी आला. बंगला पूर्वी एका जमीनदाराचा होता. जमीनदार गेला, त्याचे घोडे गेले, ग्वेरीनो मात्र जिथल्या तिथे. क्लबाच्या लोकांनी त्याला विचारलं, "तुला काय काय येतं?" तो म्हणाला, "फाटक उघडता येतं आणि लावता येतं. त्यातलं लावायचं जास्त चांगलं जमतं." त्यांनी त्याला ठेवून घेतलं.

लावायचंच तर काम होतं. दर गुरुवारी संध्याकाळी क्लबाची बस खेळाडूंना वर आणून सोडायची, ती रविवारी दुपारी थेट मैदानावर न्यायची. मधले दिवस फाटक बंद. ह्याला आमच्याकडे एकांतवास म्हणतात. घरचं जेवण नाही, दारू नाही, बायको तर नाहीच नाही. आदल्या रविवारी संघ हरला असेल, तर शिक्षा म्हणून मंगळवारपासूनच सगळे वर. "एवढं ब्रह्मचर्य पाद्र्यांनासुद्धा झेपत नाही," असं ग्वेरीनोची बायको नेरीना म्हणायची. बंगल्यातला स्वयंपाक तिच्याकडे होता. स्वयंपाक कसला, डॉक्टरांनी ठरवून दिलेला पांढरा भात, भाजलेलं मांस आणि उकडलेली गाजरं. ती वैतागून म्हणायची, "मला इथे चूल सांभाळायला ठेवलंय की दवाखाना?"

ग्वेरीनोला मात्र ह्या कामाचा अभिमान होता. पन्नाशी उलटलेला, बुटका, पाठीला किंचित बाक आलेला, पण त्याची नजर चुकवून कोणी बाहेर पडलं असं सहसा झालं नाही. स्कॉटलंडचा आर्ची आमच्याकडे खेळायला यायच्या आधी क्लबाने एक इंग्रज खेळाडू आणला होता. तो द्राक्षाच्या मांडवावरून भिंत चढून गेला आणि खालच्या खानावळीत अंडी खात बसला. ग्वेरीनोने त्याला शेवटचा घास खाऊ दिला आणि मग सायकलच्या दांड्यावर बसवून वर आणला. त्या इंग्रजाला ना भात सोसला, ना भिंती. नाताळच्या सुट्टीत घरी गेला तो गेलाच. आपली बॅगसुद्धा त्याने मागवली नाही. गावाने निकाल देऊन टाकला, ही माणसं समुद्रापलीकडेच बरी, त्यांना तिकडेच उगवू द्यावं.

टेलिफोन बंगल्यात नव्हता, चौकीत होता, आणि तोही मुद्दाम. बाहेरची बातमी आधी ग्वेरीनोच्या कानावर पडायची. तो ती मिस्टरांना सांगायचा. (प्रशिक्षकाला आमच्याकडे मिस्टरच म्हणतात. इंग्रजांनी हा खेळ आणला तेव्हापासूनची खोड, मग तो प्रशिक्षक बाजूच्याच गावचा का असेना.) आणि मिस्टर ब्रेसान, लांब नाकाचे, सदा पोटात दुखणारे गृहस्थ, एकच वाक्य बोलायचे, "मॅचनंतर सांगू." गोलकीपर फुल्वियोचे वडील एका शनिवारी गेले. फुल्वियोला ते कळलं रविवारी संध्याकाळी, पेनल्टी अडवून झाल्यावर. तो भिंतीला डोकं टेकून रडला आणि मग ग्वेरीनोच्या गळ्यात पडून म्हणाला, "बरं केलंस रे बाबा. कळलं असतं तर मी उभासुद्धा राहू शकलो नसतो." ग्वेरीनोने ते वाक्य मनात जपून ठेवलं होतं. आजाऱ्यापाशी रडू नये, कापणीच्या तोंडावर भांडू नये आणि मॅचच्या तोंडावर बातमी सांगू नये, ही त्याच्या लेखी एकाच माळेतली शहाणपणं होती.

आर्ची म्यूर आला तो ह्या सगळ्यात. स्कॉटलंडमधल्या कोळशाच्या खाणीच्या गावचा, तांबड्या केसांचा, उंच, हाडापेराने मजबूत पोरगा. बाप खाणीत, भाऊ खाणीत. पायात कसब होतं म्हणून हा उजेडात राहिला, असं तो स्वतःच सांगायचा. पहिले काही महिने त्याचे हाल कुत्र्याने खाल्ले नाहीत. आमचे बचावपटू चेंडूकडे बघायच्या आधी माणसाचा घोटा बघतात. त्यांनी त्याचे सदरे ओढले, घोटे फोडले, आणि पंच आकाशातले ढग मोजत राहिले. गोल होईनात. वर्तमानपत्रांनी त्याला दिव्याचा खांब म्हणायला सुरुवात केली, का तर उंच आहे आणि एका जागी उभा असतो. भातावर तो असा बघायचा जसं कुणी त्याला शिक्षा वाढली आहे. नेरीनाला त्याची कणव आली. ती डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत त्याच्या ताटात लोण्यात परतलेले बटाटे सरकवायची आणि वर म्हणायची, "गाजरंच आहेत, फक्त फिकट आहेत."

पण त्याची खरी गट्टी जमली ती ग्वेरीनोशी, आणि तीही देवाच्या कृपेने नव्हे, उलट देवाला टाळण्यामुळे. दर रविवारी सकाळी फादर चेल्सो नावाचे पाद्री वर यायचे आणि बंगल्याच्या छोट्या प्रार्थनाघरात खेळाडूंसाठी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, करायचे. मिस्टरांसकट सगळे आत. आर्ची त्यांच्या पंथाचा नव्हता. त्याच्या गावात कॅथलिक देवळात पाऊल टाकलं तर आई घरात घेत नसे. आणि ग्वेरीनो लाल झेंड्याचा. लग्न आणि मयत सोडून त्याने कधी देवळाचा उंबरा ओलांडला नव्हता. तेव्हा आत घंटा वाजत असताना हे दोघे बाहेरच्या बुटक्या भिंतीवर बसलेले असायचे, नास्तिक आणि पाखंडी. नेरीना त्यांना शेंगा सोलायला द्यायची. "पुण्य नाही तर नाही, निदान शेंगा तरी होतील."

आर्ची आमची भाषा शिकला ती ह्या भिंतीवर. त्यामुळे ती भाषा चौकीदाराची होती, शिव्यांसकट. वार्ताहरांसमोर तो काही बोलला की सगळा गाव पोट धरून हसायचा. पुरुषी आणि बायकी ह्यांचा घोळ तर त्याने शेवटपर्यंत घातला. पण बोलायचा. घरचं बोलायचा. त्याची बायको शीना खाली गावात एका भाड्याच्या घरात दिवसचे दिवस एकटी असे. तिला भाषा येत नव्हती, शेजारणी दारावर थाप मारून अंडी ठेवून जायच्या आणि ती नुसती मान हलवायची. तिला दिवस गेलेले होते.

"माझा बायको खिडकीत बसते," आर्ची एकदा म्हणाला. "गुरुवारपासून रविवारपर्यंत खिडकीत. टेकडी बघते. मी म्हणालो, तिथे काय बघते? ती म्हणाली, दिवा."

"मग आपण दिवा मोठा लावू," ग्वेरीनो म्हणाला, आणि खरंच त्याने फाटकावरचा दिवा बदलला. मिस्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाला, चोरांसाठी.

थंडी ओसरता ओसरता संघ शेवटून दुसरा होता. साखळी स्पर्धेच्या खालच्या वर्गात ढकलले जाणार, अशी चिन्हं दिसत होती. तसं झालं तर क्लब बंगला विकणार, हे अध्यक्षांनी जाहीरच केलं होतं. बंगला गेला तर चौकी जाणार, हे ग्वेरीनोला कुणी सांगायला नको होतं. पण उन्हं वाढली तशी मैदानं कोरडी झाली आणि आर्चीचे पाय मोकळे झाले. त्याने दोन रविवारी ओळीने गोल केले. दिव्याचा खांब एकाएकी दीपस्तंभ झाला. संत जुझेप्पेच्या सणाचा रविवार आला, तेव्हा आमच्या मैदानावरची ती मॅच जिंकली तर वाचू, नाहीतर गेलो, असा हिशेब होता, आणि जिंकवणारा एकच होता.

शनिवारी दुपारी फोन वाजला. खालच्या दवाखान्यातल्या नन बोलत होत्या. परदेशी बाईला कळा सुरू झाल्या आहेत, वेळेच्या बऱ्याच आधी. ती नवऱ्याचं नाव घेते आहे. ग्वेरीनोने मिस्टरांना गाठलं. मिस्टर सरावाच्या मैदानाच्या कडेला पोटावर हात ठेवून उभे होते.

"पहिलटकरीण आहे ना?" ते म्हणाले. "मग उद्या रात्रीपर्यंत घोळ चालेल. बायका बाळंत व्हायला नवरे लागत नाहीत, ग्वेरीनो. मॅचनंतर सांगू."

"पण मिस्टर, ती एकटी आहे. तिला भाषा येत नाही."

"कळा द्यायला भाषा लागते का? आणि त्याला जाऊ दिला तर उद्या येईल तो माणूस नसेल, चिंधी असेल. गाव उद्या तुला विचारील. मला नाही, तुला. फाटक तुझं आहे."

नेरीनाला कळलं तेव्हा तिने हातातला डाव खाली ठेवला. "मी जाते खाली," ती म्हणाली. पण पंचवीस माणसांचं रात्रीचं जेवण चुलीवर होतं, आणि सरतेशेवटी तिने दूधवाल्याच्या बायकोकडे निरोप धाडला, कुणीतरी त्या पोरीपाशी बसा म्हणून. दूधवाल्याची बायको गेली, पण ती घरची नाही म्हणून ननांनी तिला दारातूनच परत पाठवलं. हे नेरीनाला दोन दिवसांनी कळलं.

रविवारी सकाळी घंटा वाजली, सगळे आत गेले. ग्वेरीनो चौकीतून शेंगांची टोपली उचलत होता आणि फोन वाजला. त्याच नन. मुलगा झाला आहे, पहाटे. फार लहान आहे, श्वास नीट घेत नाही. आम्ही त्याला घाईने बाप्तिस्मा दिला, आजच्या संताचं नाव ठेवलं, जुझेप्पे. आईला आम्ही काय सांगतो ते कळत नाही. वडिलांनी आता यावं. आता.

त्याने फोन ठेवला. दारात नेरीना उभी होती. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि ओळखलं.

"जा, सांग त्याला," ती म्हणाली. "तो काय भिंतीवर बसलाय. मिस्टर आत आहेत, देवाच्या पायाशी. कुणी अडवणार नाही. फाटक उघड आणि पाठव त्याला."

"सांगतो," ग्वेरीनो म्हणाला.

त्याला खरंच सांगायचं होतं. टोपली घेऊन तो भिंतीपर्यंत गेला तेव्हासुद्धा त्याच्या तोंडात वाक्य तयार होतं. पण आर्चीने त्याला बघून बाजूला सरकून जागा केली, आणि बोलायला सुरुवात केली. तो खुशीत होता. रात्री झोप छान लागली होती. पाय हलके वाटत होते.

"आमच्यात पहिला मुलगा असेल तर आजोबाचं नाव," तो शेंग सोलत म्हणाला. "माझी बाप रॉबर्ट. म्हणून तो रॉबर्ट. मुलगी असेल तर शीना ठरवेल. मी आज दोन गोल करणार, ग्वेरीनो. एक शीनाला. एक बाळाला, आत आहे तरी."

आत फादर चेल्सोंचा आवाज चढला आणि उतरला. ग्वेरीनोने गावाकडे पाहिलं. मैदानाभोवती झेंडे लागले होते, ते इथूनही दिसत होते. त्याला फुल्वियो आठवला. त्याला चौकीच्या दोन खोल्या आठवल्या, तेही खरं. आणि त्याला वाटलं, चार-पाच तासांचा तर प्रश्न आहे. पोर पहाटेपासून जगलंय, चार तास जगेल. बाप जिंकून येईल, हातात फुलं घेऊन येईल. उगाच कशाला आत्ता त्याचं काळीज चिरायचं?

"काय झालं?" आर्चीने विचारलं. "तू गप्प."

"काही नाही. दात दुखतोय."

"मॅचनंतर काढून टाकू," आर्ची हसून म्हणाला आणि त्याने ग्वेरीनोच्या वाटणीच्याही शेंगा सोलायला घेतल्या.

बस गेली. नेरीनाने फाटकातून बस जाताना पाहिली, खिडकीत तांबडं डोकं पाहिलं, आणि ती नवऱ्याकडे वळली. तिने भाताचं मोठं पातेलं जमिनीवर पालथं घातलं आणि एप्रन काढून, पायात होत्या त्या घरच्या सपाता तशाच ठेवून, टेकडी उतरू लागली. ती दवाखान्यात पोहोचली तेव्हा मैदानावरून पहिली आरोळी ऐकू आली. आर्चीने गोल केला होता. दुसरी आरोळी झाली तेव्हा मूल गेलं होतं. शीनाने ते हातात धरलं होतं आणि ती द्यायला तयार नव्हती. नेरीनाने तिचं डोकं पोटाशी घेतलं. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती, आणि तेव्हा तिची गरजही नव्हती.

आम्ही वाचलो. गावात मध्यरात्रीपर्यंत कर्णे वाजत होते. कपडे बदलायच्या खोलीत अध्यक्षांनी स्वतः आर्चीला जवळ घेतलं आणि सांगितलं. निरोप तू मैदानात असताना आला रे बाळा, आम्ही काय करणार? मिस्टर वर येऊन ग्वेरीनोला बजावून गेले, "फोन बस गेल्यावर आला. शनिवारचा फोन झालाच नाही. कळलं? आणि सकाळचा फोन तू मला सांगितला नाहीस, हे तर फारच बरं केलंस." ग्वेरीनोने त्यांच्यामागे फाटक लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी खानावळीत कुणीतरी त्याच्यासाठी वाइन मागवली. सगळ्यांना अंदाज होता आणि कुणालाच त्यात वाईट दिसत नव्हतं. गावापेक्षा का एक पोर मोठं? आणि बाप जाऊन तरी काय करणार होता, डॉक्टर थोडाच होता? हे सगळं खरं होतं, म्हणूनच ग्वेरीनोने ग्लासला हात लावला नाही.

दफन झालं त्या आठवड्यात आर्ची चौकीत आला. एकटा, पायी, टेकडी चढून. दाढी वाढलेली. तो खुर्चीवर बसला नाही. नेरीना चुलीपाशी होती.

"ग्वेरीनो," तो म्हणाला. "मिस्टर म्हणतो, फोन रविवारी आला. मॅच चालू. अध्यक्ष म्हणतो तसंच. पण शीना म्हणते, ननने शनिवारी हात असा केला." त्याने कानाशी फोन धरल्यासारखा हात धरला. "शनिवारी. ती भाषा समजत नाही, पण हात समजते. ते सगळे मला खोटं बोलतात, असं तिला वाटतं. मी म्हणालो, मी ग्वेरीनोला विचारतो. तू मला सांग. फोन कधी आला?"

चुलीवर काहीतरी रटरटत होतं. नेरीना पाठमोरी होती, पण तिचा हात थांबला.

ग्वेरीनोने त्या पोराच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे राग नव्हता. राग असता तर त्याने सांगितलं असतं, असं तो पुढे नेरीनाला शपथेवर म्हणायचा. तिथे नुसती विनवणी होती. तो विचारत नव्हता, मागत होता.

"रविवारी," ग्वेरीनो म्हणाला. "तुमची बस गेल्यावर."

आर्चीचे खांदे खाली आले. त्याने दोन्ही हातांनी ग्वेरीनोचं डोकं धरलं आणि कपाळावर ओठ टेकले, आमच्या माणसांसारखे. "मी तिला म्हणालो," तो म्हणाला. "ग्वेरीनोला कळलं असतं, तर त्याने मला सांगितलं असतं. फाटक तोडून सांगितलं असतं. मी तिला म्हणालो!" आणि मग तो रडला. त्या दिवसापर्यंत तो कुणासमोर रडला नव्हता.

तो गेल्यावर नेरीना एवढंच म्हणाली, "मेलेलं पोर पुन्हा एकदा मारलंस." आणि तिने चुलीवरचं उतरवलं.

त्यानंतर दोन वर्षं ती दर रविवारी, मिस्सा संपली की, त्याला एकच विचारायची, "सांगितलंस?" आणि तो म्हणायचा, आज नाही जमलं. कधी आर्ची दुखावलेला असायचा, कधी आनंदात असायचा, आणि दोन्ही वेळा सांगणं बरं दिसत नसे. आर्ची मात्र नेमाने भिंतीवर येऊन बसायचा. आता तर तो आधीपेक्षा जवळ बसायचा. मिस्टरांशी तो कामापुरतं बोले, अध्यक्षांशी तेवढंही नाही. ह्या आख्ख्या क्लबात त्याचा एकाच माणसावर विश्वास उरला होता, आणि तो कोण हे सांगायला नकोच. ग्वेरीनो खंगला. दात खरोखरच दुखायला लागले. लोक म्हणाले, वय झालं.

नेरीनाने आपल्या परीने फेड सुरू केली. गुरुवार ते रविवार, बंगल्यातलं जेवण उरकलं की ती खाली शीनाकडे जाऊन बसायची. तिने तिला सारण भरलेली तोर्तेल्ली लाटायला शिकवलं, शेजारणींशी भांडायला शिकवलं आणि कबरीवर फुलं कधी बदलायची ते शिकवलं. कबरीवर दोन नावं होती, वर रॉबर्ट आणि खाली ननांनी ठेवलेलं. शीना बोलायला लागली, हसायलाही. मग एक दिवस तिने नेरीनाचा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला.

ह्या खेपेला फोन आला तो शुक्रवारी. आर्ची सरावात होता. ननांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ग्वेरीनोने फोन टाकला. बाक आलेल्या पाठीचा तो म्हातारा मैदानाच्या मधोमध धावत गेला, चेंडू चालू असताना, आणि ओरडला, "आर्ची! कळा! पळ!"

"ग्वेरीनो!" मिस्टर किंचाळले. "मॅचनंतर..."

"तुमची मॅच गेली खड्ड्यात," ग्वेरीनो म्हणाला. "आणि मला काढायचं तर आत्ता काढा, म्हणजे फाटक उघडं टाकूनच जातो."

त्याने स्वतः फाटक सताड उघडलं. आर्ची बूट न काढता सायकलवर बसला आणि उतारावरून गेला तो हात सोडून, वेड्यासारखा. तो वेळेवर पोहोचला. मुलगा झाला, पुऱ्या दिवसांचा, तांबडा, शिव्या दिल्यासारखा रडणारा. मिस्टरांनी ग्वेरीनोला काढलं नाही. रविवारी आर्चीने तीन गोल केले, मग कोण कुणाला काढतो? पण गावात चर्चा झाली, की म्हातारा बिघडला.

आणि आर्चीला जे वाटत होतं, त्यावर ह्याने शिक्कामोर्तब झालं. बघ, तो शीनाला म्हणाला, मी सांगत नव्हतो? त्याही वेळी कळलं असतं तर हा असाच धावला असता.

त्या उन्हाळ्यात त्याला मायदेशी एका क्लबाने बोलावलं. निघण्याच्या सकाळी तिघं वर आले. नेरीनाने टेबल बाहेर सावलीत मांडलं, डॉक्टरांच्या नाकावर टिच्चून लोणी आणि सलामीच्या मांसाच्या चकत्या वाढल्या. आर्चीने पोर ग्वेरीनोच्या मांडीवर दिलं. कबरीकडे तुम्हीच बघा, असं शीना नेरीनाला म्हणाली, आणि नेरीनाने मान हलवली.

"ह्याचं नाव अजून तुला सांगितलं नाही," आर्ची म्हणाला. "रॉबर्ट नाव त्याच्याबरोबर गेलं. आता रीतीप्रमाणे शीनाच्या बापाचं नाव पाहिजे. पण आम्ही दोघांनी ठरवलं. ग्वेरीनो. ग्वेरीनो म्यूर. आमच्या खाणीच्या गावात सगळी हसतील. हसू दे. शाळेत मारामारी करेल, मजबूत होईल. आणि कुणी विचारलं ना, हे कसलं नाव? तर तो सांगेल, ज्या माणसाने माझ्या बापाला कधी फसवलं नाही, त्याचं."

ग्वेरीनोने पोराला मांडीवर सावरून धरलं. पोराने त्याचं बोट धरलं होतं. त्याने बोट सोडवलं नाही, पण मान वर केली आणि तोंड उघडलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे धैर्य होतं, भीतीने आलेलं का होईना. "आर्ची," तो म्हणाला, "तुला एक सांगायचंय. त्या रविवारचं..."

नेरीनाचा हात त्याच्या खांद्यावर पडला, जड. ती आमच्या खेड्यातल्या बोलीत बोलली, त्या दोघांना कळू नये म्हणून, आणि चेहरा हसरा ठेवून बोलली. "आता नाही. मी सांग म्हणत होते तेव्हा तुझी जीभ उचलली नाही. आता तुझं ओझं हलकं व्हावं म्हणून तू ह्या बाईला पुन्हा त्या खाटेवर नेऊन निजवणार? पोराचं नाव हिसकावून घेणार? ते तुझं आहे, तूच वाहा. मरेस्तोवर वाहा."

शीना हसत दोघांकडे बघत होती. आर्ची वाट बघत होता. "काय सांगायचं, ग्वेरीनो?"

ग्वेरीनोने पोराकडे पाहिलं, मग बापाकडे.

"काही नाही," तो म्हणाला. "बोटीवर वारा असतो. पोराचे कान झाक."

आर्चीने ताबडतोब वाकून मुलाची टोपी कानांवर ओढली. ग्वेरीनोने सांगितलेली गोष्ट त्याने कधीच अविश्वासाने घेतली नव्हती.